उजव्या पायाचं फूल

१

डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत आमच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात भाजी नव्हती. तिथे वैजयंतीचं झाड झोपलं होतं. मेथी, कोथिंबीर, गाजरं, सगळी मंडळी ओट्यावर ओल्या फडक्यात पडून असायची आणि संध्याकाळपर्यंत माना टाकायची. मी कुरकुर केली की वैजयंती म्हणायची, "काढा की तीन महिने जरा. त्याला थंडी मिळाली नाही तर ते उठायचंच नाही."

झाड म्हणजे काय, तर आल्याच्या गड्ड्यासारखं एक वेडंवाकडं खोड आणि त्याला लोंबणारी पिवळट मुळं. थंड प्रदेशातलं ऑर्किड. हे सगळा हिवाळा बर्फाखाली मेल्यासारखं पडून राहतं, मग जमिनीतून वर येतं आणि त्याला चपलेच्या आकाराचं फूल लागतं. पुढे फुगीर, वर पाय घालायला तोंड, अगदी बायकांची सपात. वैजयंतीने मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओत ते पाहिलं आणि पहाडातल्या एका नर्सरीतून मागवलं. कुरिअरवाला ओल्या शेवाळात गुंडाळलेला तो गड्डा देऊन गेला तेव्हा मी म्हणालो, "अगं बाई, हे जुईनगर आहे. इथे मार्चमध्ये माणसं वितळतात, हे काय टिकणार?"

"बघू या," ती म्हणाली, आणि भाजीचा कप्पा रिकामा करायला घेतला.

मी नंदकिशोर. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. रिटायर झालो तरी मोजायची खोड गेली नाही. रोज सकाळी चहाच्या आधी फ्रिजमधला थर्मामीटर बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा. चार अंश. चार अंश. साडेतीन. वैजयंती मागून विचारायची, "झोपलंय ना नीट?" आणि मी म्हणायचो, "घोरतंय."

खरं सांगायचं तर मी खूश होतो. बायको काहीतरी विचारत होती, कशाची तरी वाट बघत होती. गणपतीनंतर पहिल्यांदाच.

२

गणपतीच्या आधी आठ दिवस तिला अटॅक आला होता. सकाळी डबे घासून ठेवता ठेवता खाली बसली ती बसलीच. हॉस्पिटलमध्ये पोचलो आणि दारातच तिचं हृदय बंद पडलं. चार मिनिटं. डॉक्टरांनी मला ते नंतर सांगितलं, आणि बरं झालं नंतर सांगितलं. तेव्हा कळलं असतं तर त्यांना दुसरी खाट लागली असती.

घरी सोडताना तिच्या वस्तूंची पिशवी हातात दिली. मंगळसूत्र, बांगड्या, चष्मा, रुमाल. सपाता नव्हत्या. पिवळ्या रेक्झिनच्या होत्या, वर तपकिरी-लाल पट्टा. उजवीचा पट्टा एकदा उसवला होता, तर स्टेशनबाहेरच्या मोच्याकडे पिवळा दोरा नव्हता. त्याने काळ्या दोऱ्याने तीन टाके घातले. मी वॉर्डात विचारलं, खाली विचारलं, कुणालाच ठाऊक नाही. देवळाबाहेर चपला गेल्या की आपण म्हणतो तसं मी म्हणालो, "जाऊ दे. चपलांबरोबर पीडा गेली."

वैजयंती हसली नाही. रिक्षात बसल्यावर खालच्या आवाजात म्हणाली, "हरवल्या नाहीत हो त्या. मी काढल्या."

"कुठे?"

"एक दार होतं. बाहेर चपलांची ही मोठी रांग. कुणाकडे गेल्यावर काढतो तशा मीही काढल्या. आत पाय टाकणार, तेवढ्यात तुम्ही मला मागे खेचलंत. अनवाणीच आले." मग तिने साडीत पाय ओढून घेतले. "फरशी काय गार होती तिथली."

डॉक्टर म्हणाले, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की अशी चित्रं दिसतात. मला पटलं. मी पटवून घेतलं म्हणा. पण तेव्हापासून तिचे पाय गार ते गारच. दोन-दोन मोजे घातले तरी हात लावला की फ्रिजमधून काढल्यासारखे. पुण्याहून प्राचीने, आमच्या मुलीने, छान मऊ नव्या सपाता आणून दिल्या. वैजयंतीने त्या एकदा घातल्या आणि काढून ठेवल्या. म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या तरी घातल्यासारखं वाटतं." घरभर मोज्यांनी नाहीतर अनवाणी फिरायची.

३

मार्चच्या एक तारखेला झाड बाहेर काढलं. आमचं रो-हाउस आहे. पुढे फाटक आणि दार यांच्यामध्ये बारा बाय आठची मातीची पट्टी, तीच आमची बाग. कडुलिंबाच्या सावलीत, हिरव्या जाळीखाली तिने जागा ठरवली. मोठ्या कुंडीत लहान कुंडी, मधल्या फटीत ओली वाळू. कळंबोलीहून मी बारीक खडी आणली. दिवाळे कोळीवाड्यातून रोज सकाळी थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणायचा आणि वाळूवर पसरायचा, म्हणजे मुळं गार राहतात. शेजारपाजारचे हसायचे. मीही हसायचो आणि स्कूटर काढायचो.

तिचा एकच कडक नियम होता. वाफ्याला भोवती विटांची कड होती, तिच्या आत चप्पल घालून जायचं नाही. बाहेरच्या चपलांबरोबर बुरशी येते आणि या झाडाची मुळं कुजतात, असं तिने वाचलं होतं. "देवघरात जाता तसं जायचं," ती म्हणायची. मग मी रोज विटांपाशी माझ्या तपकिरी चामडी चपला काढायचो, अनवाणी आत जाऊन बर्फ घालायचो, बाहेर येऊन परत पायात सरकवायचो. माझी डावी चप्पल बाहेरच्या अंगाने झिजलेली आहे, मी तसा चालतो. वैजयंती म्हणते, लांबून आवाजावरूनही कळतं हे येतायत म्हणून.

गोजराबाई अकरा वर्षं आमच्याकडे कामाला येते, जासईची. तिने कपाळाला हात लावला. "झाराला बरफ? वयनी, आमी मासलीला घालतो बरफ."

"तुमची मासळी मेलेली असते गं. हे जिवंत आहे," वैजयंती म्हणाली.

"जिवंत हाय तर बरफ कशाला?" गोजराबाई म्हणाली आणि झाडू घेऊन आत गेली.

नवव्या दिवशी खडीतून दोन कोंब वर आले. चार बोटांच्या अंतरावर, शेजारी शेजारी. वैजयंती उकिडवी बसून त्यांच्याकडे बघत रडली. एक कोंब जोरात होता, दुसरा आठ-दहा दिवस मागे. मी वहीत लिहिलं: उजवा ४ सेंमी, डावा १ सेंमी. उजवा आणि डावा मी सहज लिहिलं होतं.

४

पहिलं फूल आलं ते बघायला निम्मी सोसायटी फाटकाशी जमली. दोन बाजूंना पिळलेल्या तपकिरी-लाल पाकळ्या आणि मध्ये पिवळीधमक सपात. प्राची व्हिडिओ कॉलवर किंचाळली, "आई, सही! कसलं भारी आहे!" वैजयंतीने नवी साडी नेसून फोटो काढून घेतला.

गर्दी पांगल्यावर मी भिंग घेऊन बसलो. खोडच ती. पुस्तकातलं, नेटवरचं प्रत्येक फूल दोन्ही अंगांनी सारखं असतं, मधोमध रेघ मारली तर डावं-उजवं जुळतं. हे जुळत नव्हतं. आतली कड सरळ, बाहेरची वळलेली, पुढे अंगठ्याकडे उंच आणि करंगळीकडे उतरतं. उजव्या पायाचं. मी वहीत लिहिलं: आकारात विकृती, उष्णतेमुळे? आणि प्रश्नचिन्हावर दोनदा पेन फिरवलं.

मग भिंग वरच्या कडेवर नेलं. तिथे तीन काळ्या रेघा होत्या. बारीक, एकाच लांबीच्या, सारख्या अंतरावर.

ठिपके असतात या फुलांना, मला माहीत होतं. आतून असतात, विस्कटलेले. मी सुई घेऊन हळूच एका रेघेवर टोचलं. दोरा नव्हता, फुलाचाच ओला मांसल भाग होता. सुईला रस लागला. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसलो. आणि मग लक्षात आलं की दोरा आहे का ते बघायला मी सुई घेऊन बसलो होतो.

दिवेलागणीला वैजयंती देवाशी दिवा लावून बाहेर आली आणि खुर्चीत बसली. "अहो," ती म्हणाली, "आज पाय कोमट लागतोय. बघा."

मी तिचे दोन्ही पाय हातात घेतले. डावा नेहमीसारखा गार. उजवा गरम होता. चांगला चालून आलेल्या माणसाचा पाय असतो तसा.

५

दुसऱ्या दिवशी गोजराबाई अंगण झाडताना मध्येच थांबली. "भाऊ, ह्या फुलाचं तोंड काल घराकरं होतं ना?"

मी बघितलं. फूल फाटकाकडे वळलेलं होतं.

"झाडं उजेडाकडे वळतात, गोजराबाई."

"वळत असतील." तिने झाडू काखेत धरला. "पावना जायला निघाला का आपन त्याच्या चपला फिरवून ठेवतो, तसं वाटला मना." त्या दिवसापासून ती वाफ्याच्या बाजूला झाडेना. मीही आग्रह केला नाही.

उजेडाचं मी तिला सांगितलं खरं, पण आमचं फाटक उत्तरेला आहे आणि समोर तीन मजली बिल्डिंग. तिकडून उजेड येतच नाही. मी कुंडी फिरवून फुलाचं तोंड घराकडे केलं आणि खडूने कुंडीवर खूण केली. संध्याकाळी खूण जागेवर होती. फूल फाटकाकडे होतं.

एप्रिल लागला होता. दुपारी तीनला आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं. मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली पेपर घेऊन पडलो होतो. आतून आवाज आला. चट्. मग काही नाही. मग चट्. मग काही नाही.

एकच चप्पल घालून कुणी चाललं तर असा आवाज येतो. एक पाऊल वाजतं, दुसरं मुकं.

आवाज स्वयंपाकघरातून निघाला, पॅसेजमधून आला आणि दारात वैजयंती दिसली. हातात पाण्याचा तांब्या. मी तिच्या पायांकडे बघितलं. दोन्ही अनवाणी. मोजेसुद्धा नव्हते.

"काय झालं? असे काय बघताय?"

"काही नाही. ये इकडे."

ती चार पावलं चालून आली. डावा, उजवा, डावा, उजवा. उजवा पाय फरशीवर टेकला की चट्. तिला तो ऐकू येत नव्हता. तिने तांब्या टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली, "घामाने केवढे भिजलात!" मला तिच्यापासून दूर पळावंसं वाटलं. बायकोपासून. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोपासून! त्याची मला अजून लाज वाटते.

६

आता दुसऱ्या कळीकडे बघायची मला हिंमत होईना आणि बघितल्याशिवाय राहवेना. ती रोज फुगत होती. ती उमलली की जोड पुरा होणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी वैजयंतीला तपासणीला नेलं. ईसीजी काढला, इको केला. सगळं उत्तम. डॉक्टर म्हणाले, "पाय गरम राहतात? चांगलंच आहे की, रक्ताभिसरण सुधारलं."

परत आल्यावर मी धीर करून विषय काढला. "वैजू, ती दुसरी कळी मी कापून टाकतो."

ती भाजी निवडत होती. चिडेल असं वाटलं होतं. इतक्या हौसेने वाढवलेलं झाड. ती फक्त हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला पण कळलं ना."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"मला त्यांच्या दारात जाऊन तसंच परत आल्यासारखं होतंय हो. चपला काढल्या, उंबऱ्याशी उभी राहिले आणि न सांगता मागे फिरले. असं करतं का कुणी? रोज वाटतं, जाऊन यायला हवं. नुसतं जाऊन यायचं."

"यायचं?"

तिने देठ मोडला, पण तो हातातच राहिला. "त्यांचं घर मोठं आहे. परत यायचं राहून जाईल, हेही कळतं मला." मग तिने वर बघितलं. ती घाबरलेली होती. मी तिला हॉस्पिटलमध्येही इतकी घाबरलेली बघितली नव्हती. "मला जायचं नाहीये. शप्पथ. पण हा उजवा पाय ऐकत नाही माझं. काल दुपारी मी फाटकाशी उभी होते, कडी काढलेली. कधी गेले, आठवत नाही. डावा गार पडला म्हणून थांबले."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वहीत लिहून घेतलं असतंत," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

मी तिला जवळ घेतलं. संध्याकाळी ऊन उतरलं की कापतो, असं तिला सांगितलं. लगेच का नाही उठलो? कारण मला त्या वाफ्यात जायची भीती वाटत होती. सरळ कबूल करतो.

७

पावणेसात झाले असतील. वैजयंतीने दिवा लावला आणि सवयीने पुढचं दार उघडलं. दिवेलागणीला दार बंद ठेवू नये, लक्ष्मी येते, हे आमच्याकडे तिच्या सासूपासून चालत आलेलं. मी कात्री शोधत होतो. तेवढ्यात ती दारातूनच ओरडली, "अहो, डावा! डावा पाय कोमट होतोय!"

"आत बस! खाली बस आणि खुर्चीला धरून ठेव!" मी म्हणालो आणि सापडलेली कात्री घेऊन बाहेर धावलो.

कळी अर्धी उमलली होती. सकाळी मुठीसारखी घट्ट होती आणि आता पिवळी सपात निम्मी बाहेर आली होती, आतली कड सरळ, पहिल्या फुलाच्या बाजूची. दोन्ही फुलांची टोकं फाटकाकडे, अगदी एका रेषेत. मी विटांच्या कडेशी आलो, चपला काढल्या आणि वाफ्यात शिरलो. विचार करून काढल्या नाहीत. महिनाभर रोज काढत होतो, तशा निघाल्या.

पायाखालची माती गार होती. सकाळचा बर्फ कधीच वितळला होता, दिवसभर चटके बसतील असं ऊन पडलेलं, आणि माती फ्रिजच्या तळासारखी. गारवा फाटकाकडून येत होता. खालच्या फटीतून, पायांच्या उंचीवर, सरळ रेषेत. मी वाकून कळीचा दांडा धरला आणि वाकलो म्हणून मला फाटकाखालून पलीकडचं दिसलं.

पलीकडे आमची गल्ली असते. सिमेंटचा रस्ता, गटाराची जाळी, समोरच्यांची गाडी. ते काही दिसलं नाही. गुळगुळीत, काळसर, ओली वाटावी अशी फरशी दिसली आणि तिच्यावर चपलांची रांग. चामडी, रबरी, बायकांच्या, पोराबाळांच्या. सगळ्या नीट लावलेल्या, टाचा आमच्याकडे. रांग लांबवर जात होती. आणि अगदी जवळ, फाटकाला लागून, एक जोडभर जागा मोकळी ठेवलेली होती.

त्या जागेच्या पुढे कुणीतरी उभं होतं. मला फक्त दोन अनवाणी पाय दिसले, घोट्यापर्यंत. ते आमच्या बाजूला तोंड करून होते. पाहुणा दिसला की यजमान दारात येऊन उभा राहतो, तसे.

मी कापलं. डावी कळी आधी, मग उजवं फूल. कात्रीचा आवाज झाला आणि फुलं माझ्या हातात आली. फुलाला काय वजन असतं? त्यांना होतं. आणि उजवं आतून गरम होतं.

मागे न बघता मी घरात पळालो, दार लावलं, कडी घातली, वरची खिटी सरकवली. वैजयंती जमिनीवर बसली होती, खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरून. मी तिच्या पायांना हात लावला. गार. दोन्ही गारढोण! माणसाचे पाय गार आहेत म्हणून कुणी आनंदाने रडलं असेल तर तो मी.

८

रात्री पेपरात गुंडाळून ठेवलेली फुलं सकाळी उघडली तर नुसत्या सुकलेल्या पाकळ्या होत्या. मी ते झाड मुळासकट उपटलं. या वेळी खिडकीतून लांब काठीचा आकडा घालून. काठीनेच ते पिशवीत ढकललं आणि घंटागाडीत टाकलं. वाळू, खडी, कुंड्या, सगळं. गोजराबाईने त्या जागेवर आपणहून मीठ टाकलं आणि मी तिला एका शब्दाने विचारलं नाही.

अंगण झाडता झाडता तिनेच विचारलं, "भाऊ, तुमच्या चपला कुठं हायेत? रोज हितं विटांकरं असतात त्या?"

नव्हत्या. विटांपाशी नव्हत्या, दाराशी नव्हत्या, जिन्याखाली नव्हत्या. फाटकाची कडी आतून लावलेली होती. सात वर्षांच्या झिजलेल्या चपला कोण नेणार? मी आठवून बघितलं. वाफ्यातून मी घरात कसा आलो? पळत आलो. अनवाणी.

वैजयंतीत मात्र फरक पडला. आठवड्याभरात तिचे पाय माणसासारखे झाले, दोन्ही एकदम. प्राचीने आणलेल्या सपाता तिने कपाटातून काढल्या आणि घातल्या. आता ती घरभर फिरते तेव्हा चट् चट् चट् चट् असा भरगच्च आवाज येतो. भाजी भाजीच्या कप्प्यात गेली. परवा तिने मोगऱ्याची दोन रोपं आणली.

बाराव्या दिवशी मला ते दिसले. वाफ्यात नाही. विटांच्या बाहेर, जिथे मी रोज चपला काढायचो तिथे, टणक जमिनीतून दोन कोंब वर आले होते. शेजारी शेजारी, पहिल्यांपेक्षा जाड, तपकिरी. डावा बाहेरच्या अंगाला कललेला आहे. मी ते दोनदा कापले, लांबूनच. दोनदा सकाळी परत होते, आधीपेक्षा बोटभर उंच. आता त्यांच्यावर जुनी बादली पालथी घातली आहे आणि बादलीवर दगड.

वैजयंतीला मी सांगितलेलं नाही. सांगायचंही नाही. तिला कळलं तर ती माझ्यासाठी कात्री घेऊन धावेल. आणि धावली तरी विटांपाशी पोचल्यावर सवयीने पायातल्या सपाता आधी काढेल. मी तिला ओळखतो.

काल सकाळी चहा घेताना तिने टेबलाखाली बघितलं. मे महिना, पंखा पाचावर, आणि मी दोन-दोन मोजे घालून बसलेलो. "हे काय हो नवीन? आणि तुमच्या त्या तपकिरी चपला कुठे गेल्या? बऱ्याच दिवसांत तुमचा आवाज नाही आला अंगणात."

मी कप खाली ठेवला. "हरवल्या कुठेतरी. जाऊ दे, चपलांबरोबर पीडा गेली."

या वेळी ती हसली. मनापासून, मान मागे टाकून, अटॅकच्या आधी हसायची तशी. मीही हसलो आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले. उजवा आज थोडा कोमट लागतोय.